जमिनीतील सूक्ष्मजीवांचे वैविध्य, पिकाची वाढ आणि किडींचा प्रतिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे पीक घेण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडची जाणती माणसे आधी बेवड विचारतात. आधीच्या पिकाने जमीन कशी ठेवली आहे, यावर पुढच्या पिकाचे बरेचसे भवितव्य ठरते, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव या एका शब्दात साठवलेला आहे. त्या अनुभवामागे जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचा केवढा मोठा हात आहे, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून उलगडत गेले. शेतकरी, परसबागेत भाजीपाला लावणारे आणि कृषी विषयाचे विद्यार्थी वरचेवर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जमिनीत सूक्ष्मजीव किती असतात आणि कोणकोणते?

चांगल्या जमिनीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे जेमतेम चिमूटभर मातीत, कोट्यवधी ते अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांचे प्रकार हजारांच्या घरात जातात. त्यांच्या जोडीला बुरशीचे धागे, बुरशीसारखे धागे काढणारे जिवाणू म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसीट्स, जिवाणूंवर जगणारे एकपेशीय जीव आणि सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, असतात. यांपैकी फारच थोडे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवता येतात. उरलेल्यांची ओळख मातीतून थेट डीएनए काढता येऊ लागल्यावरच पटू लागली. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर येणारा मातीचा वास हाही याच सृष्टीचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात आणि त्याचा अगदी सूक्ष्म अंशही आपल्या नाकाला कळतो.

वैविध्य कशासाठी हवे? उपयोगी जिवाणूंची संख्या भरपूर असली की पुरत नाही का?

पुरत नाही, कारण जमिनीतली कामे एकट्याने होत नाहीत. काडीकचऱ्यातले चिवट घटक बुरशी फोडते, सुटलेली साखर जिवाणू खातात, त्या जिवाणूंना एकपेशीय जीव आणि सूत्रकृमी खातात आणि त्यांच्या पोटातून उरलेले नत्र अमोनियाच्या रूपात मुळांना मिळते. या साखळीतला एखादा दुवा गळाला, तर बाकीचे कितीही असले तरी काम अडते. शिवाय एकच काम करणारे अनेक प्रकार असतात, पण प्रत्येकाला मानवणारे तापमान, ओल आणि सामू (आम्लतेचे प्रमाण) वेगवेगळा असतो. एप्रिलमध्ये तापून भेगाळणाऱ्या आणि ऑगस्टमध्ये चिबडणाऱ्या आपल्या काळ्या जमिनीत एकाच प्रकारावर विसंबून वर्ष निघत नाही.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीचे प्रकार वाढवत नेले, तसे त्या जमिनीवरच्या वनस्पतींचे वैविध्य आणि उत्पादन दोन्ही वाढत गेले. २०१२ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले की, जमिनीत सूक्ष्मजीवांचे प्रकार जितके जास्त, तितका बाहेरून घातलेला घातक ई. कोलाय जिवाणू लवकर नाहीसा होतो. गच्च भरलेल्या एस.टी.त नव्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळू नये, तसे हे आहे. बसणाऱ्यांनी सगळी बाके धरलेली असतात, आणि जमिनीत बाक म्हणजे अन्न.

सूक्ष्मजीव मुळांभोवतीच का जमतात?

कारण झाड त्यांना जेवू घालते. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा, कधी पाचवा हिस्सा तर कधी त्याहूनही अधिक, मुळांकडे जाऊन साखर, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्लांच्या रूपात मातीत झिरपतो. मुळांलगतच्या या काही मिलिमीटर जाडीच्या थरात सूक्ष्मजीवांची दाटी बाजूच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली या थराला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला मूळपरिसर म्हणता येईल. प्रत्येक पिकाच्या स्रावाची चव वेगळी असते, त्यामुळे ज्वारीच्या मुळांशी जमणारी मंडळी आणि तुरीच्या मुळांशी जमणारी मंडळी एकच नसतात. वैविध्याची गुरुकिल्ली या एका गोष्टीत आहे आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत तिचा संबंध येणार आहे.

पिकाच्या वाढीला त्यांची नेमकी मदत काय होते?

सर्वांच्या परिचयाचे काम म्हणजे हवेतले नत्र जमिनीत आणणे. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हे काम करतात, हे १८८० च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवले आणि १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांचे झाले की शेतात जाऊन एक रोप उपटू नये, कुदळीने मातीच्या ढेकळासकट उचलावे, कारण उपटले की गाठी तुटून मातीतच राहतात. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात विरघळू द्यावे आणि मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखाने फोडावी. आतला गर गुलाबी किंवा लालसर निघाला तर गाठ काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा असतो. गर हिरवट किंवा राखाडी निघाला तर ती गाठ निकामी आहे. गाठी मोजण्यापेक्षा फोडून पाहणे महत्त्वाचे आहे, कारण मुळावर पुष्कळ गाठी असूनही त्या सगळ्या पांढऱ्या-हिरवट असू शकतात आणि पीक पिवळे राहते.

कडधान्याबाहेरही हे काम चालते. ब्राझीलमध्ये योहाना डोबरायनर यांनी गवतवर्गीय पिकांबरोबर राहणाऱ्या अ‍ॅझोस्पिरिलमवर आयुष्यभर काम केले, आणि उसाच्या कांडीच्या आत राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९८८ साली पुढे आला. आपल्या ऊस पट्ट्यात तो ‘अ‍ॅसेटोबॅक्टर’ या नावाने ओळखला जातो.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींत घातलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाऊन अडकून पडते. काही जिवाणू आणि बुरशी आम्ले सोडून ते मोकळे करतात. लोहाचेही असेच आहे. चुनखडीच्या रानात भुईमुगाची किंवा उसाची कोवळी पाने केवड्यासारखी पिवळी पडतात, तेव्हा जमिनीत लोह नसते असे नाही; ते मुळांना उचलता येत नाही. स्यूडोमोनास गटातले जिवाणू लोहाला पकडून ठेवणारी द्रव्ये सोडतात, त्याचा काही लाभ पिकाला होतो आणि लोहावाचून रोगकारक बुरशीची उपासमार होते. याखेरीज अनेक जिवाणू वाढीची संप्रेरके तयार करतात, त्यामुळे पांढऱ्या मुळ्यांना फांद्या अधिक फुटतात.

मायकोरायझाबद्दल इतके बोलले जाते, ते योग्य आहे का?

योग्य आहे, मात्र मर्यादा जाणून घ्याव्यात. ही बुरशी मुळाच्या आत शिरून राहते आणि तिचे धागे मुळाच्या आवाक्याबाहेर मातीत पसरतात. केसाहूनही कितीतरी बारीक असलेले हे धागे ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथून स्फुरद, जस्त आणि थोडे पाणी आणून देतात. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींशी तिचे नाते आहे आणि ते सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही दिसते. पण मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा या कुळाशी आणि पालकाशी तिचे जुळत नाही, त्यामुळे या पिकांवर मायकोरायझाची पुडी सोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. स्फुरदयुक्त खतांचा भरपूर हप्ता दिलेल्या रानातही ती मुळांत फारशी शिरत नाही. झाडाला आयते मिळत असेल तर ते वाटेकरी ठेवत नाही. प्रत्येक खोल नांगरटीत तिचे जाळे तुटते, हेही लक्षात ठेवावे.

जमिनीतले जिवाणू पानावरच्या अळीला कसे अडवतात? मध्ये तर फूट-दोन फुटांचे अंतर असते.

हा या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे. मुळांवर विशिष्ट जिवाणू वसले की झाडाला त्यांची चाहूल लागते आणि संपूर्ण झाड एक प्रकारे सावध होते. ते लगेच विषारी द्रव्ये करायला घेत नाही, कारण तसे केले तर वाढीची शक्ती फुकट जाईल. मात्र पुढे अळीने पान कुरतडले की त्याचा प्रतिसाद अधिक लवकर आणि अधिक जोरकस येतो. १९९१ साली काकडी आणि कार्नेशन या पिकांवर रोगांच्या बाबतीत हे प्रथम नीट दाखवले गेले, पुढे नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे त्याची यंत्रणा उलगडली आणि नंतर किडींच्या बाबतीतही तेच दिसले. या प्रकारात झाडाच्या आतला निरोप मुख्यतः जस्मोनिक आम्ल आणि इथिलीन या संप्रेरकांवरून जातो. त्यातून पानात असे पदार्थ तयार होतात की अळीला पचन साधत नाही, ती सावकाश वाढते, हलकी राहते आणि तितका जास्त काळ पक्ष्यांच्या आणि अळीत अंडी घालणाऱ्या परजीवी माश्यांच्या तावडीत राहते. अळी लगेच मरून पडत नाही. फवारणीची सवय लागलेल्या डोळ्यांना म्हणून हा परिणाम दिसतच नाही.

कुरतडलेल्या पानातून सुटणारा वासही बदलतो आणि त्या वासावर परजीवी माशा येतात. मक्याची मुळे तर जमिनीखाली हाच उद्योग करतात. मुळे खाणारी अळी लागली की काही जातींची मुळे एक गंधद्रव्य सोडतात आणि त्यावर कीटकभक्षी सूत्रकृमी अळीकडे ओढले जातात. हे २००५ साली सिद्ध झाले. अशा सूत्रकृमींपैकी हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका ही जात भारतातूनच प्रथम नोंदली गेली आणि आपल्याकडे ती हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीविरुद्ध वापरली जाते.

एक झाड दुसऱ्या झाडाला किडीची खबर देते, हे खरे आहे का?

कुंड्यांमधल्या प्रयोगांत हे दिसले आहे. २०१३ मध्ये बाकल्याच्या झाडांवर मावा सोडला असता, बुरशीच्या धाग्यांनी त्या झाडांशी जोडलेल्या शेजारच्या निरोगी झाडांनीही मावा दूर सारणारे आणि परजीवी माशांना बोलावणारे वास सोडले. धागे तोडलेल्या झाडांनी ते सोडले नाहीत. पुढच्याच वर्षी चिनी संशोधकांनी टोमॅटोवर पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीच्या बाबतीत तसेच दाखवले. हीच अळी आपल्याकडे सोयाबीनवर येते. उघड्या शेतात, जिथे ओल कमी-जास्त होते आणि कोळपणी चालू असते, तिथे हे जाळे किती काम करते याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि त्यावरून मोठी स्वप्ने विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

मग सर्वच किडी कमी होतात का?

होत नाहीत, आणि हे स्पष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. पाने चघळणाऱ्या आणि अनेक पिकांवर जगणाऱ्या अळ्यांवर हा परिणाम सहसा चांगला दिसतो. एकाच पिकावर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्या किडींनी त्या पिकाच्या विषावर मात करण्याची युक्ती साधलेली असते, म्हणून त्यांच्यावर तो कमी दिसतो. रस शोषणाऱ्या माव्याच्या बाबतीत तर कधी उलटेच घडते. सूक्ष्मजीवांमुळे झाड सकस झाले की त्याचा रसही सकस होतो आणि मावा वाढतो. कपाशीवर तुडतुडे, पांढरी माशी आणि बोंडअळी एकाच हंगामात येतात, तेव्हा ‘जमीन सुधारली की फवारणी बंद’ असे आश्वासन कोणी देऊ नये. बोंडअळी बोंडाच्या आत बसते, तिथे कामगंध सापळे आणि वेळेवर पऱ्हाटी काढून टाकणे यांना पर्याय नाही.

बेवड आणि सूक्ष्मजीव यांचा संबंध सिद्ध झाला आहे का?

होय, आणि मक्यावरचा एक प्रयोग या बाबतीत मुळातून समजून घेण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. मक्याची मुळे बेन्झोक्सॅझिनॉइड नावाची संरक्षक द्रव्ये मातीत सोडतात. ही द्रव्ये सोडणारा मका आणि ती तयार न करू शकणारा मका अशा दोन्हींखालची जमीन घेऊन तिच्यात पुढच्या पिढीचा मका लावला. पहिल्या प्रकारच्या जमिनीत नव्या मक्याची जस्मोनिक आम्लाची यंत्रणा अधिक जागी होती आणि त्याच्या पानांवर लष्करी अळी कमी पोसली गेली. माती निर्जंतुक केल्यावर हा फरक गेला आणि सूक्ष्मजीव परत घातल्यावर तो परतला, म्हणजे निरोप पोहोचवणारे सूक्ष्मजीवच होते. येथे वापरलेली अळी तीच, जी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्ग्यात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर-सांगलीकडच्या मक्यात पोहोचली.

मात्र त्या प्रयोगात पहिल्या प्रकारच्या जमिनीतला मका खुजाही राहिला. झाडाकडे शिधा ठरावीक असतो. राखणीवर अधिक खर्च झाला तर वाढीला कमी उरतो. एकाच गटाचे प्राबल्य असलेल्या जमिनीत पारडे एका बाजूला झुकते. वाढीला हात देणारे आणि प्रतिकार जागा ठेवणारे असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्मजीव असले, तर पारडे सावरले जाण्याची शक्यता वाढते. मला वैविध्याचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच वाटतो आणि म्हणूनच उसावर ऊस, सोयाबीनवर सोयाबीन असे चक्र मोडायला हवे, असे मी आग्रहाने सांगतो. ज्वारीत तूर, मक्यात चवळी, उसाच्या पट्ट्यात हरभरा असे साधे मिश्रणही मुळांच्या स्रावात विविधता आणते.

किडींना थेट मारणारे सूक्ष्मजीवही जमिनीत असतात ना?

असतात, आणि आपल्याकडे त्यांची गरज हुमणीने दाखवून दिली आहे. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला भुंगेरे बाभूळ, कडुनिंब, बोरीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत मोठ्या झालेल्या अळ्या उसाची, भुईमुगाची मुळे फस्त करतात. मेटाऱ्हायझियम ही बुरशी या अळीला लागते. १८७९ मध्ये मेचनिकॉफ यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यावर ती प्रथम अभ्यासली. ओल्या मातीत लागण झालेली अळी आधी सुस्त होते, मग कडक होते. तिच्या अंगावर आधी कापसासारखी पांढरी बुरशी आणि काही दिवसांत शेवाळी हिरवी भुकटी दिसते. बोट लावले तर ती हिरवी भुकटी बोटाला येते. ती म्हणजे पुढच्या अळ्यांसाठी तयार झालेली लाखो बीजाणूंची पेरणी आहे. अशी अळी सापडली तर ती फेकू नये, तिथेच मातीत राहू द्यावी. सतत पावसाच्या दिवसांत मक्याच्या पोंग्याजवळ लष्करी अळ्या ताठ होऊन पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या झालेल्या दिसतात, ते याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीचे काम आहे. तिथे आठवडाभर फवारणी थांबवून पाहणे शहाणपणाचे असते.

मेटाऱ्हायझियम मुळांवरही राहते. मेलेल्या अळीच्या अंगातले नत्र ती झाडाला नेऊन देते, असे घेवड्यावरच्या आणि एका गवतावरच्या प्रयोगांत २०१२ साली आढळले; मोबदल्यात ती झाडाकडून साखर घेते, हे नंतरच्या प्रयोगांत दिसले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणूही मूळचा मातीतला. त्याचेच, अळीला मारणारे विष बनवणारे जनुक घातलेली बीटी कपाशी २००२ पासून भारतात पेरली जाते. पण या जिवाणूच्याच विषावर सगळा भार टाकल्यावर गुलाबी बोंडअळीने ते पचवायला शिकून घेतले.

सेंद्रिय शेतात किडी खरोखर कमी असतात का?

काही ठिकाणी असतात. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोच्या शेतांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय पद्धतीच्या रोपांवर तुडतुडे कमी बसत होते. रोपांत सॅलिसिलिक आम्ल अधिक होते आणि त्याचा संबंध मूळपरिसरातल्या सूक्ष्मजीवांशी जुळत होता. पण यात नत्राचाही मोठा वाटा असतो, हे विसरू नये. युरियाचा जादा हप्ता दिलेले पीक गर्द हिरवे, लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुड्यांना तेच हवे असते. अर्धवट कुजलेले शेणखत शेतात ओतणारे सेंद्रिय शेत मात्र हुमणीला आमंत्रण देते, कारण भुंगेरे आणि अळ्या तशा खतातच पोसतात.

रासायनिक खते आणि औषधे सूक्ष्मजीवांना मारतात का?

सरसकट नाही. देशात १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांतून वारंवार दिसले की, केवळ नत्र देत राहिलेल्या वाफ्यात जमिनीची अवस्था सर्वांत वाईट होते, तर संतुलित खताला शेणखताची जोड दिलेल्या वाफ्यात सेंद्रिय कर्ब आणि सूक्ष्मजीवांचे प्रमाण सर्वांत चांगले राहते. म्हणजे युरियाच्या गोणीपेक्षा शेणखत थांबवणे अधिक महागात पडते. बुरशीनाशकांबाबत मात्र दक्षता हवी. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ट्रायकोडर्मा या रोग रोखणाऱ्या उपयोगी बुरशीलाही मारते, म्हणून दोन्ही एकत्र लावू नयेत. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धन (जिवंत जिवाणूंची भुकटी किंवा द्रव) हा क्रम पाळावा, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे.

बाजारातल्या जिवाणू खतांवर विश्वास ठेवावा का?

पाकीट पाहून ठेवावा. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या जिवाणू खतात प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. मी एकदा एका दुकानातून सोयाबीनसाठी रायझोबियमची, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूची, पाकिटे आणली होती. ती पत्र्याखालच्या मांडणीवर, कीटकनाशकांच्या खोक्यांना खेटून, अख्खा मे महिना पडलेली होती, हे मी पाहत असूनही घेतली. चाळिसाव्या दिवशी लावलेल्या आणि न लावलेल्या ओळींतली ढेकळे धुऊन पाहिली, तेव्हा गाठींत काहीही फरक नव्हता. पाकिटात काळी भुकटी तेवढी उरली होती, जिवंत काही राहिले नव्हते. त्यानंतर मी मुदत आणि पीकगट या दोन गोष्टी वाचल्याशिवाय पाकीट घेत नाही, कारण सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. कृषी विद्यापीठांची केंद्रे आणि उसासाठी मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथून ताजे संवर्धन मिळते. बियाण्याला साधारण १० किलोस २५० ग्रॅम हे प्रमाण पुरते.

तरीही एका पाकिटाने वैविध्य येत नाही. पाकिटातून एक-दोन जाती येतात, आणि उपाशी जमिनीत त्याही टिकत नाहीत.

जीवामृताचे काय?

अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते घरोघर पोहोचवले. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचे ते आंबवण असते. त्यातून मिळणारी नत्र-स्फुरदाची मात्रा अगदी अल्प असते, त्यामुळे त्याला खताचा पर्याय समजून उसाला किंवा केळीला दुसरे काहीच न देणे धोक्याचे आहे. आंबवताना गूळ खाऊन झपाट्याने वाढणारे जिवाणूच पुढे जातात, म्हणून मूठभर मातीतले सगळे वैविध्य ड्रममध्ये टिकत नाही. तरीही बांधावरची माती घ्यायची कल्पना मला मोलाची वाटते. नेदरलँड्समधल्या एका शेतातली, मुळकूज रोखणारी माती रोगट मातीत दहा टक्के मिसळली असता तिथेही काही प्रमाणात रोग रोखला गेला, हे बीटवरच्या प्रयोगात २०११ साली दिसले होते. जीवामृत आच्छादन असलेल्या, ओल्या जमिनीत द्यावे. तापलेल्या उघड्या मातीत ओतले तर त्यातले फारसे काही जगत नाही.

वैविध्य वाढवण्यासाठी सर्वांत आधी काय करावे?

उसाचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, जाळणे बंद करावे. एका हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते आणि काडी पेटली की तेवढे अन्न धुरात जाते, वरच्या थरातले जीवही भाजून निघतात. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट सरीत पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे संवर्धन टाकण्याची शिफारस आहे. युरिया टाकण्यामागे कारण आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी असते; कुजवणारे जीव स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतले नत्र उचलतात आणि तेवढा काळ पीक पिवळे पडते.

त्यानंतर फेरपालट, ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके फुलोऱ्यापूर्वी गाडणे आणि उन्हाळ्यात जमीन उघडी न ठेवणे या गोष्टी येतात. नांगरटीबाबत मात्र पेच आहे. खोल नांगरटीने बुरशीचे जाळे तुटते, पण हुमणीच्या अळ्या वर येऊन पक्षी त्या वेचतात. हुमणीग्रस्त रानात नांगरट करावी आणि निरोगी रानात ती दरवर्षी करू नये, असे माझे मत आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेतून सूक्ष्मजीवांची माहिती मिळते का?

मिळत नाही. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या या पत्रिकेत बारा घटक असतात आणि त्यांत जिवाणूंची मोजणी नसते. त्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा मात्र नीट पाहावा. ०.५ टक्क्याखाली असेल तर जमीन उपाशी आहे, आणि राज्यातल्या कितीतरी शेतांचा आकडा तिथेच रेंगाळतो.

स्वतःच्या शेतात फरक पडतो आहे, हे कसे ओळखावे?

शेजारच्या शेताशी तुलना करू नये. आपल्याच शेतात पाच ओळी काहीही न करता सोडाव्यात आणि त्यांना खुंटी मारून खूण करावी. वाफशावर दोन्हीकडची एकेक कुदळ माती उचलून हातात चुरावी. जिवंत माती रव्यासारखी मोकळी होते, तिला वळवाचा वास येतो आणि तिच्यात गांडुळांची बिळे व बारीक पांढऱ्या मुळ्या दिसतात. दर आठवड्याला प्रत्येक भागातल्या ठरावीक दहा झाडांवरच्या अळ्या, त्यांचा आकार आणि बुरशी लागलेल्या अळ्या वेगवेगळ्या मोजून वहीत लिहाव्यात. अळ्यांची संख्या तेवढीच, पण आकार लहान, असे दोन-तीन आठवडे सलग दिसले तर तोही परिणामच आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. पहिल्या वर्षी वहीत फारसे काही हाती लागणार नाही. गाठी आणि मातीचा पोत एक-दोन हंगामांत बदलतो, सेंद्रिय कर्बाचा आकडा हलायला मात्र तीन ते पाच वर्षे लागतात, तेव्हा खुंट्या त्याच जागी राहू द्याव्यात.